भाऊसाहेबांचा डग्गा

खोली दाखवायला ते माझ्यासोबत जिना चढून वर आले, कुलूप काढलं आणि खोलीच्या मधोमध उभं राहून एकदाच टाळी वाजवली. मला वाटलं, पाल हुसकावत असतील. मग मान वाकडी करून ते थोडा वेळ ऐकत राहिले.

“रिकामी हाय म्हणून वाजतीय,” ते म्हणाले. “तुमचं सामान आलं की गप बसंल.”

लोहाऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात औषधनिर्माता म्हणून माझी ती पहिलीच नेमणूक. मी सिन्नरकडची. गावात ओळखीचं कुणी नव्हतं. रुग्णालयातल्या एका सिस्टरनं हे घर सुचवलं होतं. घरमालक तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. अख्खा तालुका त्यांना भाऊसाहेब म्हणायचा, मीही तेच म्हणायला लागले. भाडं, पाणी, लाईट याबद्दल ते त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती.

“मॅडम, तुमी चालता कशा?”

मला प्रश्न कळला नाही.

“म्हंजे टाचा आपटत का कसं? खाली आमची बैठक हाय.”

मी म्हणाले, कधी लक्ष दिलं नाही. त्यांनी मला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लावलं, स्वतः खाली जाऊन ऐकून आले आणि भाडेकरू पसंत असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी कामावरून परतले तर माझ्या कॉटच्या चारही पायांखाली जुन्या ट्यूबचे रबरी तुकडे घातलेले होते. माणूस विक्षिप्त आहे हे तेव्हाच कळलं. का विक्षिप्त आहे हे कळायला मात्र बरेच महिने गेले.

टाळीची सवय त्यांना सगळीकडेच होती. मंगल कार्यालयात अक्षता पडायच्या आत त्यांची टाळी पडायची. आमच्या रुग्णालयात रक्तदाब दाखवायला आले तेव्हा नव्या इमारतीच्या व्हरांड्यात त्यांनी एक टाळी दिली. बाकावरची माणसं डॉक्टर आले समजून उभी राहिली. भाऊसाहेब आपल्याच नादात. माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, “फरशी गुळगुळीत, भिंती गुळगुळीत. हितं पेशंटाला डॉक्टर काय बोलला ते कळणार न्हाय. पडदे लावा म्हणावं.”

माणसांची पारखही ते आवाजावरूनच करायचे. “वरवरचं बोलतो. पोटातून आवाज येत न्हाय,” असं एखाद्याबद्दल म्हणाले की तो माणूस त्यांच्या लेखी संपला. माझ्याबद्दलही त्यांनी एकदा ऐकवलं होतं, “आईशी फोनवर बोलता तवा तुमचा आवाज घरचा असतो. गोळ्या देताना सरकारी.” मला राग आला होता. पण पुढं गोळ्या देताना मी माझाच आवाज ऐकायला लागले, हेही खरं.

तरुणपणी ते गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. जयंतीच्या दिवसांत गावोगावी कार्यक्रम असायचे. नोकरी लागल्यावर ते सुटलं, पण बोटं सुटली नव्हती. चहाची वाट बघताना खुर्चीच्या हातावर, एसटीच्या सीटवर, तहसीलच्या टेबलावर ती चालूच असायची. म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी बैठकीत होम थिएटर बसवलं तेव्हा गावाला नवल वाटलं नाही. बुद्धमूर्तीच्या कोनाड्याखाली मोठा टीव्ही, खोलीभर पाच स्पीकर, आणि जाड आवाज काढणारी ती काळी चौकोनी पेटी, सबवूफर. तिला ते डग्गा म्हणायचे. “तबला-डग्ग्यातला डग्गा. नाजूक बोल तबल्यानं काढायचे, वजन डग्ग्यानं उचलायचं. मशीन इलायती असली तरी हिशोब तोच हाय.”

मी त्या घरात राहायला गेले त्याच दिवसांत ही जुळवाजुळव चालू होती. रविवारी ते मला हाक मारायचे, कारण यंत्राच्या पडद्यावरचे पर्याय इंग्रजीत होते आणि त्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं. यंत्र प्रत्येक स्पीकरबद्दल एकच विचारत होतं. हा मोठा की लहान? मी म्हणाले, समोरचे दोन तर चांगले कमरेइतके उंच आहेत, मोठा लिहू का?

“लहान लिवा. समद्यास्नी लहानच लिवा.”

“का?”

“मोठा म्हणलं की यंत्र त्याच्या अंगावर समदं वजन टाकतं. त्याला झेपत न्हाय. मग तो घोगरा होतो, कण्हतो, एक दिवस फाटतो. लहान म्हणलं की जाड आवाज त्याच्याकडं जातच न्हाईत, सरळ डग्ग्याकडं जातेत. कचेरीत आमचा एकजण हुता. कुणी काय बी काम दिलं की, द्या हिकडं, मी बघतो. पन्नाशीत लकवा मारला. त्यानं सवताला लहान लिवून घेतलं असतं तर आज पेन्शन खाल्ली असती.”

मग आवाज कुठून तोडायचा, म्हणजे किती जाड आवाजापासून पुढचं काम डग्ग्याकडं सोपवायचं, यावर आमचा एक अख्खा रविवार गेला. एक आकडा लावला की बाईच्या आवाजात पुरुष मिसळल्यासारखं वाटायचं. दुसरा लावला की तबला एका कोपऱ्यात आणि डग्गा दुसऱ्या कोपऱ्यात वाजल्यासारखं. भाऊसाहेब डोळे मिटून बसायचे, मी आकडा बदलायचे. शेवटी ते म्हणाले, “हां. आता डग्गा कुठं ठिवलाय ते कळंना. डग्गा घरभर पाहिजे, पण दिसाय न्हाय पाहिजे.”

या सगळ्यात काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, कधीच खोलीत नसायच्या. काकू मूळच्या सास्तूरच्या. अंगानं किरकोळ, बोलणं कमी, हाताला सतत काहीतरी काम. टीव्ही बघायच्या, पण दाराच्या उंबऱ्यावर बसून, एक पाय आत आणि एक बाहेर. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, शेजारी गिरणी सुरू झाली, वरातीचा डीजे लांबून जरी ऐकू आला, तरी त्या उठून अंगणात जाऊन उभ्या राहायच्या. आवाज थांबला की परत. त्या घरात कुणी त्याबद्दल विचारत नसे. मीही विचारलं नाही.

मग तो रविवार आला, ज्याची गोष्ट गावात अजून हसत सांगतात. मी खाली गेले तर दाराजवळ, काकू बसायच्या त्या उंबऱ्याशी मांडलेल्या खुर्चीवर डग्गा चढवून ठेवलेला, खाली गोधडी, आणि त्यातून एक जाड, सलग गुंऽऽ येत होता. भाऊसाहेब पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून भिंतीच्या कडेकडेनं चार पायांवर रांगत होते. थोडं पुढं जायचे, जमिनीलगत कान न्यायचे, मान हलवायचे, पुढं. तेवढ्यात काकूंचे चुलतभाऊ सास्तूरहून आले. मोटरसायकल लावून दारात उभे राहिले आणि मेहुण्याला तसं बघून हळूच मला म्हणाले, “मॅडम, ह्यांची औषधं तुमच्याकडंच असतेत का?”

यंत्र घेतलं त्या दुकानातल्या माणसानं फोनवर ही युक्ती सांगितली होती. डग्गा दर वेळी नव्या जागी हलवून खुर्चीत येऊन ऐकण्यापेक्षा तो बसायच्या खुर्चीवर ठेवा आणि आपण रांगत फिरा. जिथं आवाज सगळ्यात भरदार लागेल तिथं डग्गा नेऊन ठेवा, म्हणजे खुर्चीत तेवढाच भरदार ऐकू येईल. युक्ती खरी होती. पण भाऊसाहेब खिडकीखालच्या कोपऱ्यात आले तेव्हा गुंऽऽ इतका दणदणीत झाला की मला उभ्या जागी जाणवला, आणि ते तिथं थांबलेच नाहीत. पुढं गेले. टीव्हीच्या डाव्या अंगाला, भिंतीपासून हातभर आत, ते थांबले. कान लावला. मला खुणेनं बोलावलं. मी वाकले तर आवाज जवळजवळ नाहीच. खोली भरून गुणगुणतेय आणि तेवढ्या ओंजळभर जागेत शांत.

“भिंतीवर आपटून आवाज माघारी येतो,” ते म्हणाले. “येणारा अन् जाणारा कुठंतरी एकमेकाला खातेत. तिथं असं पोकळ होतं.” त्यांनी खडूनं फरशीवर फुली मारली.

“पण भाऊसाहेब, ही तर सगळ्यात वाईट जागा झाली.”

“डग्गा हितं ठिवला की त्या खुर्चीत त्याचा आवाज जाणार न्हाय,” ते म्हणाले आणि गुडघे झटकत उठले. “मी माझी खुर्ची मला पाहिजे तिथं सरकवून घेतो.”

दाराजवळच्या खुर्चीकडं मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं.

त्याच आठवड्यात काकू मला जिन्याच्या पायरीवर ज्वारी निवडत बसलेल्या भेटल्या. मीही बसले. सूप माझ्याकडं सरकवून त्या आपणहून बोलल्या.

“लोकास्नी भूकंपाचं हाललेलं आठवतंय. मला आवाज आठवतोय. आदी आवाज आला, मग हाललं. जमिनीखालून कुणी जातं वढत न्यावं तसा. त्या आवाजानं मी पहाटं उठून अंगणात आले. आईला हाक मारायला तोंड उघडलं, तवर घरच न्हवतं.”

त्या खडे वेचत राहिल्या.

“हे तवा तहसीलच्या माणसांसंग गावात आले हुते. पुढं आमचं लगीन पत्र्याच्या शेडमधीच झालं. मला छताखाली झोप येईना. दोन वर्सं आमी बाहेर झोपलो. पावसात बी, ताडपत्री लावून. एकदा बी म्हणले न्हाईत, आत चल म्हणून.” त्या जराशा हसल्या. “लग्नाच्या आदी मला सिनेमाचं लई याड. जत्रंत तंबू यायचा, बापासंग जायचे. ह्यांनी उमरग्याला नेलं एकदा थेटरात. ती गडगड सुरू झाली अन् मी पळत बाहेर. हे मागून आले. स्टँडवर भजी खाल्ली. तिथंच म्हणले, तुला घरात सिनेमा दाखवीन. म्हणलं, दाखवा.”

त्या दिवसापासून मी जिना उतरताना टाचा टेकवेनाशी झाले.

भाऊसाहेबांनी काकूंना त्या खुर्चीत बसवलं, पण डग्ग्याचा आवाज सुरुवातीला इतका कमी ठेवला की तो असून नसल्यासारखा. दर रविवारी दुपारी एक सिनेमा. दर रविवारी ते कुणाला कळणार नाही असा आवाज थोडासा वाढवायचे आणि मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगायचे. मला त्या कटात असल्याचा आनंद वाटायचा. मग एकदा काकूंनी भाकरी थापता थापता मला सांगितलं, “त्यांना वाटतंय मला कळंना. जरा जरा वाढवतेत. वाढवू दे.”

त्या दुपारी मला अजून आठवतात. काकू शेंगा फोडत बसायच्या, मला मूठभर द्यायच्या. सिनेमात कुणी रडलं की त्या नाकाला पदर लावायच्या. भाऊसाहेब पडद्याकडं कमी आणि खुर्चीखाली काकूंच्या पायाकडं जास्त बघायचे. एक पाय उंबऱ्याबाहेरच असायचा. घरापासून इतक्या लांब मी कधी राहिले नव्हते, आणि इतकी घरात असल्यासारखीही.

एका रविवारी लढाईचा सिनेमा लागला होता. तोफा चालू होत्या. डग्गा आता चांगला बोलत होता. काकू शांत होत्या, आणि भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. अचानक काकू उभ्या राहिल्या. शेंगांची टोपली सांडली.

“बाहेर चला.”

“आगं, सिनेमातलं हाय ते,” भाऊसाहेब म्हणाले.

“न्हाय. हे खालून हाय.”

त्यांनी एका हातानं माझं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं नवऱ्याची बाही, आणि आम्हाला ओढत अंगणात आणलं. मग मांडणीवरची भांडी वाजली. विजेच्या तारा झुलल्या. शेजारपाजारची माणसं रस्त्यावर आली. लगेचच सगळं थांबलं. आत सिनेमातली लढाई चालूच होती. सौम्य धक्का होता, कुणाचं काही बिघडलं नाही. भांडी उचलून लोक आपापल्या घरात गेले.

भाऊसाहेब गेले नाहीत. ते अंगणात दगडावर बसून राहिले. ऊन कलल्यावर आत गेले, डग्ग्याची वायर काढली आणि तो मागच्या खोलीत पोत्याखाली नेऊन ठेवला. मी मदतीला गेले तेव्हा ते पोतं सारखं करत होते.

“मी काय करत बसलो हुतो मॅडम?” ते म्हणाले. “त्या कानानं ती जगली. अन् मी तो कान बोथट करत हुतो. आज तिनं माझं ऐकलं असतं तर?”

पुढचे रविवार दुपारचे सिनेमे चालू राहिले, पण डग्ग्याशिवाय. लहान लिहून घेतलेल्या त्या पाच स्पीकरांतून आवाज यायचा तो पोकळ, डब्यातल्यासारखा. भाऊसाहेब अर्ध्यातून उठून जायचे. त्यांनी टाळ्या वाजवायचंही सोडलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, कान गेले माझे.

एक दिवस ते बाजाराला गेलेले असताना काकू वर आल्या. “ये गं जरा,” म्हणाल्या. आम्ही दोघींनी डग्गा पोत्याखालून काढून बैठकीत ढकलत आणला. खडूची फुली पुसली गेली होती, पण काकूंना जागा पाठ होती. भाऊसाहेब पिशवी घेऊन दारात आले आणि तिथंच थांबले.

“वायर जोडा,” काकू म्हणाल्या.

“नगं.”

“निस्ता पत्र्यावानी वाजतोय सिनेमा. त्याला काय अर्थ हाय?”

“तुला कळतंय का मी काय म्हणतोय? पुन्हा धक्का आला अन् तुला वाटलं, पेटीच हाय...”

“आवं, त्या दिशी इतक्या तोफा चालल्या हुत्या. मला वळखू आलं का न्हाय?” काकूंचा आवाज चढला नाही. “माझा कान तुमच्या पेटीनं बोथट व्हायचा न्हाय. उलट मला आता दोन्ही वळखू येतेत. आदी समदाच आवाज त्याच्यासारखा वाटायचा. गिरणी बी, ट्रॅक्टर बी. आता तो एकच तसा वाटतोय. बाकीचे न्हाईत. ह्ये तुमी केलंय.”

भाऊसाहेब पिशवी खाली ठेवायचीही विसरले होते. मी ती त्यांच्या हातातून घेतली. ते जमिनीवर बसले आणि बराच वेळ वायर जोडत राहिले. एवढा वेळ लागायचं ते काम नव्हतं. त्यांची पाठ आमच्याकडं होती, आणि काकू मला म्हणाल्या, “चल, चहा टाकू.”

त्या रविवारी काकूंनी अख्खा सिनेमा दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन, मांडी घालून बघितला. भाऊसाहेबांना तो सिनेमा कशावर होता हे संध्याकाळी सांगता आलं नाही.

माझी बदली झाली तेव्हा दोघं एसटी स्टँडवर आले होते. काकूंनी शेंगांची चटणी बांधून दिली. भाऊसाहेब गाडी हलेपर्यंत खिडकीच्या गजावर बोटं वाजवत होते. नाशकात गेल्यावर त्यांचा अधूनमधून फोन यायचा. तब्येत, पाऊस वगैरे झालं की प्रश्न ठरलेला, “ऱ्हायची खोली कशी वाजतीय?” मी काहीतरी सांगायचे. मग माझं लग्न झालं, मूल झालं, फोन कमी झाले. येते एकदा, येते एकदा म्हणत राहिले. त्यांच्या जाण्याची बातमी मला त्या सिस्टरकडून कळली. दुपारी जेवून पडले होते, ते उठले नाहीत.

मी लगेच जाऊ शकले नाही. गेले तेव्हा हिवाळा होता. रविवार मुद्दाम धरला होता. लोहाऱ्याच्या स्टँडवर उतरून चालत निघाले, तेव्हा मनाची तयारी केली होती की घर बंद-बंद असेल, काकू एकट्या कुठंतरी कोपऱ्यात बसलेल्या असतील, यंत्रावर चादर टाकलेली असेल. अंगणात आले तर चपलांचा ढीग. बाहेर सास्तूरची एक जीप उभी होती.

बैठकीत काकूंच्या वयाच्या पाच-सहा बायका बसल्या होत्या. काही खुर्च्यांवर, काही खाली सतरंजीवर. सगळ्या सास्तूर आणि आसपासच्या. काकूंनी मला बघितलं, मला जवळ घेतलं. मग त्यांनी मला सतरंजीवर आपल्याशेजारी जागा केली. “रविवारी येतेत ह्या,” म्हणाल्या. “ह्यांनीच सुरू केलतं. आदी एक आली, मग दुसरी. समद्यांची गत माझ्यासारखीच.”

मला हे त्यांनी फोनवर कधीच सांगितलं नव्हतं. किंवा सांगायचं असेल आणि मीच घाईत असेन.

सिनेमा चालू झाला. पुढं एका प्रसंगात ढग गडगडायला लागले आणि डग्गा बोलला, जमिनीलगत, भरदार, कुठून येतोय ते न कळणारा. एक बाई चटकन उठली. ती त्या दिवशी पहिल्यांदाच आली होती. पदर सावरत ती दाराकडं निघाली. कुणी तिला अडवलं नाही, कुणी हसलंही नाही. काकू उठल्या, तिच्या आधी दाराशी पोचल्या आणि अर्धवट लोटलेलं कवाड पूर्ण उघडून त्याला वीट लावून ठेवली.

“जावं वाटलं तर जा,” त्या तिला म्हणाल्या. “बसावं वाटलं तर हितं बस. मी हाय.”

ती बाई दारात उभी राहिली. बाहेरचं ऊन तिच्या अर्ध्या अंगावर पडलं होतं. मग ती हळूहळू खाली बसली, दाराला टेकून.

मला त्या क्षणी भाऊसाहेबांना फोन करावासा वाटला. इतकं खरं वाटलं की हात पिशवीत गेला. त्यांना सांगायचं होतं, ती बसली.